मॉनिटर आत्ता घेऊ का थांबू? अक्कलकोट रोडवरचं एक प्रकरण

सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाला निम्मी गिऱ्हाइकं मामाच म्हणतात, पण या प्रकरणातला भाचा खरोखरचा आहे. त्याचं मशीन मीच जोडलेलं, घरची आवक-जावक मला ठाऊक, आणि तो काय खेळतो, किती वेळ खेळतो हेही डोळ्यांनी बघितलेलं. एरवी असे प्रश्न अर्धवट माहितीवर सोडवावे लागतात. इथं सगळं मोजून बघता आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रश्न साधा होता. "मामा, गेमिंगचा मॉनिटर आता घेऊ का थांबू?" सप्टेंबर २०२५ मध्ये त्यानं तो पहिल्यांदा विचारला, आणि जानेवारी उजाडला तरी तोच प्रश्न चालू होता.

परिस्थिती

भाचा चोविशीतला. दाजींचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पोरगा डिप्लोमा करून घरीच जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) डिझाइनं काढतो, घरच्या मागांसाठी आणि ओळखीच्या दोन कारखान्यांसाठी. दिवसा पाच-सहा तास डिझाइन आणि रात्री जेवणं झाली की मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम. शनिवार-रविवारी एखादा मोठा, गोष्टीचा गेम. त्याची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा.

मशीन असं: रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, आणि लॉकडाउनमध्ये मिळेल तो घेतलेला २४ इंची, १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल), ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा) मॉनिटर. बजेट वीस हजार. त्यातले निम्मे त्याच्या स्वतःच्या डिझाइनच्या कमाईतले आणि निम्मे दाजींकडून यायचे होते. म्हणजे दाजींना पटवणं हा या प्रकरणाचाच भाग होता.

कशाकशाची वाट बघितली जात होती

पहिली वाट जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, एसी वगैरेंवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी पेठेत दुकानोदुकानी बोर्ड लागले, आणि भाच्यानं हिशेब केला की मॉनिटरही स्वस्त होणार. म्हणून दिवाळीपर्यंत खरेदी लांबवली. पण ३२ इंचापर्यंतचे मॉनिटर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. नव्या दराचा फायदा झाला तो ३२ इंचाच्या वरच्या पडद्यांना, म्हणजे ३४ इंची रुंद मॉनिटर किंवा मोठे टीव्ही यांना. २४ आणि २७ इंचाच्या किमतीत कराचा म्हणून एक पैसाही फरक पडणार नव्हता. दिवाळीच्या सेलमध्ये जी काय सूट होती ती दरवर्षी असते तीच.

दुसरी वाट जानेवारीची. दर जानेवारीला लास व्हेगासला सीईएस हे प्रदर्शन भरतं आणि मॉनिटरवाल्या कंपन्या नवा माल तिथं दाखवतात. "नवीन आलं की जुनं उतरतं," हे भाच्याचं गणित. त्यात तथ्य आहे, पण ते कोणत्या मालाला लागू पडतं ते बघावं लागतं. ओएलईडी म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो असा महागातला पडदा. त्यातल्या क्यूडी-ओएलईडी पॅनेलचा पहिला गेमिंग मॉनिटर २०२२ मध्ये आला, ३४ इंची. २०२३ मध्ये २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल), २४० हर्ट्झचे ओएलईडी आले. २०२४ मध्ये ३२ इंची ४के २४० हर्ट्झ, आणि २०२५ मध्ये तेच ४के २७ इंचांत. दरवर्षी काहीतरी येतंच. त्यामुळे ओएलईडीच्या किमती खाली आल्या, नाही असं नाही. पण आम्ही चौकशी केली तेव्हा त्यातला स्वस्तातला स्वस्तही पन्नास हजारांच्या आसपास होता. आयपीएस पॅनेलचे (नेहमीच्या एलसीडी जातीचे) १८० हर्ट्झवाले मॉनिटर आधीच इतके उतरलेत की लास व्हेगासच्या बातमीनं त्यांच्यात फार तर हजारभराची हालचाल होईल. वीस हजारांच्या गिऱ्हाइकानं पन्नास हजारांच्या मालाच्या बातम्या वाचून थांबायचं, हे मला कधी समजलेलं नाही.

तिसरी वाट जीटीए ६ ची. याबाबतीत पोरगं अगदी हळवं आहे, म्हणून जपून बोलावं लागलं. गेमची तेव्हा जाहीर झालेली तारीख होती १९ नोव्हेंबर २०२६, आणि तीही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीखच जाहीर नव्हती. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर यायला साधारण वर्ष लागलं. म्हणजे हा गेम पीसीवर येईल तेव्हा येईल, आणि आला तरी त्या दिवशी अडचण कार्डाची असणार, मॉनिटरची नाही.

चौथी वाट जरा विचार करण्यासारखी होती: आधी कार्ड, मग मॉनिटर. कार्ड स्वस्त होईपर्यंत थांबावं, मग दोन्ही एकदम. एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवला, आणि मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच. तेव्हा कार्ड काही महिन्यांत उतरेल असं छातीठोक सांगण्याची माझी तयारी नव्हती. मॉनिटरमध्ये त्या मानानं मेमरी नगण्य असते, त्यामुळे हे वारं त्याला फारसं लागत नाही.

चारही वाटांमध्ये एक गोष्ट समान होती. "नक्की काय येणार, कधी येणार, आणि आलं तर तुझ्या वीस हजारांत बसणार का?" असं विचारलं की उत्तर येत नव्हतं.

मोजमाप

मग मी एका रविवारी त्याच्या खोलीत जाऊन बसलो. बाजाराचं बाजूला ठेवून आधी मशीनकडं बघायचं ठरवलं.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत शिरून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं तर तिथं ६० हर्ट्झ. मॉनिटर ७५ चा, आणि घेतल्यापासून ६० वर चालवलेला. हे फार घरांत बघायला मिळतं. विंडोज बऱ्याचदा आपणहून ६० वरच राहतं, कुणी बदलत नाही. ७५ केलं. भाचा म्हणाला, "काय कळंना की मामा." बरोबर आहे. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, ७५ ला १३.३. फरक आहे, पण डोळ्याला लगेच भरेल असा नाही.

मग व्हॅलोरंटमध्ये फ्रेमचा आकडा चालू करून दोन मॅच खेळायला लावल्या. सेटिंग लो, रिझोल्यूशन १०८०पी. आकडा बहुतेक वेळ १७० ते २२० मध्ये फिरत होता. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दर सेकंदाला दोनशेच्या घरात चित्रं काढत होते आणि मॉनिटर त्यातली पाऊणशे दाखवत होता. बाकीची वाया. सगळा निकाल इथंच लागला असं म्हटलं तरी चालेल, पण रिझोल्यूशनचा प्रश्न राहिला होता. डिझाइनच्या कामासाठी त्याला १४४०पी हवा होता, आणि १४४०पी म्हणजे १०८०पी च्या पावणेदोन पट पिक्सेल. १६५० ला ते झेपणार का?

यासाठी १४४०पी मॉनिटर हातात असावाच लागतो असं नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसआर नावाची सोय आहे. त्यात १.७८ एक्स निवडलं की १०८०पी पडद्यावरही गेम आतून २५६० बाय १४४० मध्ये काढला जातो आणि मग लहान करून दाखवला जातो. चित्र कसं दिसेल ते यातून कळत नाही, पण कार्डावर किती भार येईल ते बऱ्यापैकी खरं कळतं. व्हॅलोरंट त्यावर १२० ते १५० मध्ये राहिला. हे चालण्यासारखं होतं.

मोठ्या गेमचं मात्र अपेक्षेप्रमाणं पानिपत झालं. १०८०पी मिडियमला जो गेम चाळिशीत चालत होता तो १४४०पी ला पंचविशीत आला. कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस जीटीएक्स मालिकेत चालत नाही, त्याच कामाचं एएमडीचं एफएसआर चालतं. ते क्वालिटीवर ठेवलं की गेम आतून साधारण ९६०पी मध्ये काढला जातो आणि १४४०पी पर्यंत ताणला जातो. त्यानं आकडा परत चाळिशीच्या आसपास आला. चित्र थोडं मऊ दिसतं. शनिवार-रविवारपुरतं त्याला ते मान्य होतं, हे मी त्याच्याकडून स्पष्ट वदवून घेतलं.

तिसरी मोजणी मॉनिटरची नव्हतीच. "मामा, गोळी लागलेली असती पण लागत नाही," ही त्याची मूळ तक्रार. राउटर खाली हॉलमध्ये, आणि हा वर वायफायवर. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईला असतो आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) एरवी वीस-पंचवीस दिसत होता. पण खाली ताईनं मोबाइलवर मालिका लावली की तो मधूनच नव्वदच्या पुढं उडी मारायचा. ६० वरून १८० हर्ट्झवर गेल्यानं फ्रेममागं अकरा मिलिसेकंद वाचतात. वायफाय एका झटक्यात साठ-सत्तर खात होतं. जिन्याच्या बाजूनं लॅनची केबल टाकली, काही शे रुपयांत काम झालं, उड्या थांबल्या. तक्रार निम्म्यावर आली. गेमिंग मॉनिटर मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला सांगतो, आणि प्रत्येकाला वाटतं हा माणूस विषय टाळतोय.

राहिलेली निम्मी तक्रार पडद्याची होती. वेगानं वळलं की चित्र फासल्यासारखं व्हायचं.

त्यासाठी त्याला माझ्याकडं बोलावलं. माझ्या टेबलावर १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे. त्याला पाठमोरा उभा करून मी सेटिंग बदलायचो, मग त्यानं माउस फिरवून आणि सरावाच्या मैदानात गोळ्या मारून सांगायचं, आत्ता किती आहे. ६० आणि १२० मधला फरक त्यानं दर वेळी ओळखला, तोही क्षणात. १२० आणि १६५ मध्ये मात्र गडबडला, कधी बरोबर, कधी उलटं. हे त्याचं कमीपण नव्हे, आकडेच तसे आहेत. ६० वरून १२० ला फ्रेममागं ८.३ मिलिसेकंद वाचतात, १२० वरून १८० ला २.८, आणि १८० वरून २४० ला जेमतेम १.४. व्यावसायिक खेळाडूंचं वेगळं, त्यांचं पोट त्यावर आहे. आपल्या पोरांनी २४०, ३६० च्या स्टिकरसाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे. त्यातून ज्याचं कार्ड दीडशे फ्रेमच काढतंय त्यानं तर नाहीच.

डिझाइनची बाजू

गेमिंगच्या नावाखाली आलेल्या या मागणीत खरी निकड डिझाइनची होती, हे मला बसल्यावर कळलं. दाजींच्या मागावर १३४४ हुकांचा (उभे धागे उचलणाऱ्या गळांचा) जकार्ड आहे. स्क्रीनवर एक चौकट म्हणजे एक हूक. एका पिक्सेलला एक चौकट धरली तर किडामुंगी दिसते, म्हणून भाचा दोन पट झूम करून काम करतो. तेव्हा डिझाइनची रुंदी होते २६८८ पिक्सेल. १९२० च्या पडद्यावर त्यातलं सत्तर टक्के मावतं, टूलबार धरला तर त्याहून कमी. बॉर्डर एका बाजूला, बुट्टा दुसऱ्या बाजूला, आणि दिवसभर डावीकडून उजवीकडं सरकवत बसायचं. २५६० च्या पडद्यावर जवळजवळ पंचाण्णव टक्के मावतं. हे मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं तेव्हा तो हसला. त्याला स्वतःला हे कधी सुचलंच नव्हतं. तो पाच महिने फक्त हर्ट्झबद्दल बोलत होता.

यामुळं २४ इंची १०८०पी, १८० हर्ट्झचा दहा हजारांच्या घरातला पर्याय बाजूला पडला. नुसता व्हॅलोरंट खेळणाऱ्याला मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगितला असता. २७ इंची १०८०पी तर कुणीच घेऊ नये. एका इंचात ८२ च्या आसपास पिक्सेल पडतात, २४ इंचावर ९२ पडतात. पडदा मोठा होतो आणि अक्षरं खरबरीत. २७ इंची १४४०पी वर १०९ पडतात.

व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनेलचा वक्र मॉनिटर दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळत होता आणि दिसायलाही भारी. काळ्याचा काळेपणा त्याच्यात चांगला असतो, पण अंधारातल्या दृश्यात काळं मागं ओघळल्यासारखं दिसतं, आणि जरा तिरकं बघितलं की रंगाची छटा बदलते. टॉवेलच्या छटा जुळवणाऱ्याला ते परवडत नाही. वक्र पडद्यावर बॉर्डरची सरळ रेघ सरळ आहे का ते ठरवणंही त्रासाचं.

ओएलईडीचं स्वप्न त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. "दोन वर्षं थांबून तोच घेतो." पैसा सोडून दिला तरी त्याच्यासाठी तो चुकीचा माल आहे. दिवसाचे पाच-सहा तास एकच टूलबार, एकच पांढरा ग्राफ, खाली विंडोजची पट्टी. ओएलईडीवर स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटू शकतो. काही कंपन्या आता त्याचीही वॉरंटी देतात, पण डिझाइनचं मशीन महिनाभर सर्व्हिसला पाठवून कारखाना कसा चालवायचा? आणखी एक गोष्ट कुणी बघत नाही. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी सोलापूर काय करतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ही अट कुठल्याही पॅनेलला लागू आहे, पण उष्णतेनं आयुष्य घटण्याची भीती ओएलईडीला जास्त.

दाजींचं म्हणणं

दाजींनी पहिला प्रश्न केला तो असा: "काय पाव्हणं, टीव्हीएवढा मोठा कशाला लागतोय? चालतंय की हे." दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा होता: "ह्यानं डिझाइन लवकर होणार का खेळ जास्त होणार?" मी दोन्ही होणार म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलायचं. १३४४ हुकांचा हिशेब दाखवल्यावर मात्र ते गप्प झाले. मागावरची माणसं आकड्याला मान देतात.

मग त्यांनी आपला मुद्दा काढला, आणि तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कारखान्याची जीएसटी नोंदणी आहे, बिल फर्मच्या नावानं घेतलं तर कराचा परतावा धरता येईल. एकोणीस हजारांच्या बिलात कर २,८९८ रुपये असतो, अगदीच थोडका नाही. त्यांच्या सीएनं सांगितलं की धंद्यासाठी जेवढा वापर तेवढ्याच हिश्शाचा कर वळता घेता येतो, खासगी वापराचा नाही. दाजींना रात्रीचा व्हॅलोरंटही धंद्यातच धरायचा होता. त्यावर बाप-लेकांचं आणि सीएचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. पण बिलावर फर्मचा जीएसटी नंबर खरेदीच्या वेळीच टाकून घ्यायचा, मागाहून फार मिनतवाऱ्या कराव्या लागतात, एवढं मी सांगून ठेवलं.

निर्णय

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, २७ इंची १४४०पी, १८० हर्ट्झ, आयपीएस मॉनिटर घेतला. किंमत एकोणीस हजारांच्या आत-बाहेर. कार्ड तेच ठेवलं.

ऑनलाइन सेलमध्ये हजारभर कमी पडत होते. तरी गावातल्या दुकानातून घेतला, आणि तो आग्रह माझा होता (मॉनिटर मी विकत नाही, त्यामुळे माझा त्यात छदाम नाही). दुकानात खोका उघडून, पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून बघता येतो. पहिल्या नगात काळ्या पडद्यावर मधोमध एक हिरवा ठिपका कायम पेटलेला निघाला. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण दुसरा खोका काढला. ऑनलाइन घेतला असता तर हाच ठिपका घेऊन परत पाठवणं, एक-दोन पिक्सेल नियमात बसतात का यावर वाद घालणं, आणि तोवर जुन्यावर काम, हे सगळं आलं असतं. हजार रुपये त्याला मी कमीच म्हणतो.

जोडल्यानंतर

भाच्यानं उत्साहात जुनीच एचडीएमआय केबल लावली आणि फोन केला: "मामा, १८० येईना, १४४ च दाखवतंय." १६५० वरचं एचडीएमआय २.० आहे, त्यातून १४४०पी ला १४४ च्या आसपासच मजल जाते. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल लावल्यावर १८० आलं. ते मी विंडोजमध्ये जाऊन निवडायला लावलं, नाहीतर पुन्हा ६० वर वर्षं काढली असती. फ्रेमशी मॉनिटरचा वेग जुळवणारी ॲडॅप्टिव्ह सिंकची सोयही या कार्डावर डिस्प्लेपोर्टमधून चालते. एनव्हिडियानं जानेवारी २०१९ मध्ये ती साध्या मॉनिटरसाठी खुली केली. १२० ते १५० मध्ये वरखाली होणाऱ्या गेमला तिचा खरा उपयोग होतो, आणि चाळिशीतल्या मोठ्या गेमला तर त्याहून जास्त, तो या सोयीच्या खालच्या मर्यादेच्या आसपास असला तरी.

खोक्यावर "१ एमएस" छापलेलं होतं. तो आकडा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग जोर लावून लवकर बदलायची सोय) शेवटच्या पायरीवर नेलं तरच मिळतो, आणि त्या पायरीवर हलणाऱ्या वस्तूच्या मागं उजळ सावली पडते. मधल्या पायरीवर ठेवलं. खोक्यावर एचडीआरही (उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणं) लिहिलं होतं. या किमतीत पडद्याचा भाग-भाग वेगळा उजळण्याची सोय नसते, त्यामुळे ते चालू करून बघायचं आणि बंद करून विसरायचं.

खरा घोळ रंगांचा झाला. पहिल्याच आठवड्यात भाच्यानं एका कारखान्याला मरून बॉर्डरचं डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि समोरून फोन आला की हे तर तपकिरीकडं झुकलंय. त्याच्या पडद्यावर ते भडक, तजेलदार मरून दिसत होतं. नव्या मॉनिटरची रंगांची झेप एसआरजीबीपेक्षा (साध्या पडद्यांसाठीच्या रंगांच्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा) मोठी आहे, त्यामुळे साधे रंग त्यावर ताणून, जास्त भडक दिसतात. त्याला नकळत त्यानं रंग दबवून ठरवला होता. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो, तो लावला की रंग जागेवर येतात. त्या मोडमध्ये या मॉडेलचा ब्राइटनेस बदलता येत नाही, ही कटकट आहे. दिवसा एसआरजीबी, रात्री गेमचा मोड, असं त्यानं बसवलंय. रंगारी मंडळींचं शेडकार्ड मात्र टेबलावरून हललेलं नाही, आणि ते हलूही नये. कुठल्याही पडद्यापेक्षा रंगवलेला धागा खरा.

खेळ किती सुधारला? रँक वाढली का म्हणून विचारलं तर तो विषय बदलतो. वेगानं वळल्यावर समोरचा माणूस फासलेला दिसत नाही, हे मात्र त्यानं आपणहून सांगितलं. डिझाइनला किती वेळ वाचला ते त्यानं मोजलेलं नाही. दाजींनी मोजलं असणार, पण ते बोलत नाहीत.

थांबायला कधी सांगितलं असतं

हाच पोरगा जर नुसते मोठे गोष्टीचे गेमच खेळत असता, तर मी मॉनिटर घेऊ दिला नसता. १६५० जिथं चाळीस फ्रेम काढतंय तिथं १८० हर्ट्झचा पडदा शोभेला ठेवायचा. तेव्हा पैसे कार्डासाठी राखून ठेवणंच बरोबर, मग भाव कितीही वर-खाली होवोत. त्याच्याकडे आधीच १४४ हर्ट्झचा धड मॉनिटर असता तरी थांबवला असता, कारण १४४ वरून १८० ला मिळणारे जेमतेम १.४ मिलिसेकंद त्याला ओळखूच आले नसते. आणि कार्ड महिन्याभरात घ्यायचं ठरलेलं असतं, पैसे हातात असते, तर दोन्ही एकदम बघा म्हणालो असतो, म्हणजे कुठल्या रिझोल्यूशनवर खेळायचं ते आधी ठरतं.

कार्डासाठी तो थांबलाय, आणि इथं थांबण्याला माझी हरकत नाही, कारण काय हवंय ते आता नावानिशी सांगता येतं: १४४०पी ला पुरेल असं, आठ जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेलं, आणि त्याचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय न बदलता बसणारं. आजच्या भावात ते बजेटबाहेर आहे. दाजींनी जुना २४ इंची कारखान्यात नेऊन सीसीटीव्हीला जोडलाय, आणि कार्डाच्या विषयावर, माझ्याकडं न बघता, "पुढच्या सिझनला बघू" म्हणालेत.